माझा डावा कान

मी एक हेडफोन. गेम खेळताना घालायचा, मोठ्ठ्या कानांचा, तोंडासमोर माइकची दांडी असलेला. माझ्यातून आवाज चारी बाजूंनी येतो असं माझ्या खोक्यावर छापलंय. ते आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं मला.

माझं खोकं पहिल्यांदा उघडलं ते कॅमेऱ्यासमोर. माझा पहिला मालक नव्या वस्तूंची खोकी उघडून त्यांचे व्हिडिओ करायचा. बायको त्याला खोकेबहाद्दर म्हणायची. त्याने मला अलगद उचललं. वायर, कानाच्या जादा गाद्या, माइकचा स्पंज, कापडी पिशवी, सगळं टेबलावर मांडलं आणि माझं असं काही कौतुक केलं की मी फुगून गेलो. मग मी किती लवचिक आहे हे दाखवायला त्याने माझी डोक्यावरची पट्टी दोन्ही हातांनी पिळली. कॅमेऱ्यात नीट आलं नाही म्हणून पुन्हा पिळली. आतली तार तुटली आणि माझा डावा कान गेला.

त्याला ते कळलं. वायर हलवून, काढून, परत लावून पाहिली त्याने. जरा वेळ डोकं धरून बसला. मग कॅमेरा सुरू करून हसत म्हणाला, "मित्रांनो, मागून पाऊल वाजलं तरी कळतं." तेव्हा मी त्याच्याच डोक्यावर होतो.

खोकं पुन्हा बंद करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पारदर्शक कागद होता तसा चिकटवला, वायरची पहिल्यासारखी वेटोळी केली, आणि मी परत कोरा करकरीत झालो. तेवढ्यात बायकोने विचारलं, धाकट्या भावाला पाठवू का, तो कधीपासून असला घ्यायचा म्हणतोय. खोकेबहाद्दर म्हणाला एवढंच, "दे की." तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्या माहेरी या व्हिडिओंना रिकामटेकडे उद्योग म्हणायचे. आता तिथे नवऱ्याचं चांगलं नाव निघणार होतं, आणि ते माझ्या जिवावर.

भाऊ बेकरीत भट्टीवर कामाला. दुपारी घरी आला की मित्रांबरोबर खेळत बसायचा. ताईने फोनवर व्हिडिओ कॉल लावून खोकं आपल्यासमोरच उघडायला लावलं. त्याने मला घातलं, उतरवलं, पुन्हा घातलं. पट्टीवर पिळल्याचे पांढरे वळ उठले होते, त्यांवरून त्याने अंगठा फिरवला आणि सगळं समजला. ताई विचारत होती, खरंच चारी बाजूंनी येतो का रे आवाज?

"येतो ना," तो म्हणाला. "दाजींना सांग, एक नंबर आहे."

त्या दिवसापासून खेळात डावीकडून कुणीही यावं आणि त्याला टिपून जावं. मित्र हसून हसून बेजार. शेवटी तेच बिचारे काही न विचारता त्याच्या डाव्या बाजूला उभे राहू लागले. त्याने माझ्यावर कधी राग काढला नाही. काढला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

परवा ताई राहायला आली आणि हौसेने मला घालून बसली. माझा डावा कान बंद आहे हे लगेच तिच्या लक्षात आलं. भाऊ पटकन म्हणाला, "काल माझ्या हातून पडला." मग काय, तिने त्याला फैलावर घेतलं. दाजींनी एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू, आणि तुला तिची काडीची किंमत नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. तेवढ्याने भागेना म्हणून तिने नवऱ्याला फोन लावला आणि भावाचा प्रताप सांगितला.

फोन स्पीकरवर होता.

"त्याला बोलू नकोस," खोकेबहाद्दर म्हणाला.

"का नको? चूक त्याचीच आहे."

"बोलू नकोस म्हटलं ना." आणि त्याने फोन ठेवला.

ताईने भावाकडे पाहिलं. आता तिचा आवाज खाली आला होता. "खरं सांग, पडला का हा?"

"पडला, ताई."

 तिने मला पिशवीत घालून पिशवीची नाडी ओढली, आणि डोळे पुसायला ती आत निघून गेली.

आता मी या पिशवीत आहे. माझं एकच मागणं आहे. मला कुणाला द्यायचं झालं तर मोडका म्हणून द्या, मी कुणाच्याही घरी मुकाट्याने जाईन. पण नवा म्हणून पुन्हा कुणाच्या हातात ठेवू नका. ज्याने काही केलं नाही, त्याची खाली गेलेली मान मला बघवत नाही.