न मिळालेल्या पुस्तकाची चर्चा

"बुधवार आला की या घरात चहासुद्धा फुरका न मारता प्यावा लागतो," टाचणीकाकूंचे यजमान कपाच्या आतल्या आत पुटपुटले. घर दोन खोल्यांचं. त्यातली पुढची शिलाई मशीनने आणि लोकांच्या पँटींनी अडवलेली. तेव्हा पुटपुटलेलंसुद्धा भाषणासारखं ऐकू येई. काकू तोंडातल्या टाचण्या न काढताच "हूं" म्हणाल्या. तीस वर्षांच्या संसारात त्या "हूं"चा अर्थ यजमानांना पाठ झाला होता. ते कप उचलून मागच्या खोलीत गेले.

काकूंचं काम साधं. लोकांनी हौसेने विकत आणलेले, अंगाला न बसणारे कपडे बसते करून द्यायचे. कुणाची पँट आखूड करायची, तर कुणाच्या कोटाला पोटापुरती जागा करून द्यायची. शाळा आठवीत सुटली होती. पुढचं शिक्षण रद्दीच्या मासिकांवर झालं. मापांचे कागद कापायला म्हणून ती किलोवर आणायच्या आणि कात्री लावायच्या आधी वाचून काढायच्या. कधी घाई असली की कात्री आधी चाले. कितीतरी गोष्टींचे शेवट असे कुणाच्या ना कुणाच्या बाहीत गेले.

मग टीव्हीवर ती मालिका आली. एका बाईचं पुस्तकांचं दुकान, आणि दर शुक्रवारी तिथे गोल बसून एकाच पुस्तकावर बोलणारी माणसं. त्या मालिकेत कुणी भांडी घासत नसे. कुणाचा नवरा गेला, कुणाची नोकरी गेली, तरी चाळीस पानं वाचून माणूस सावरत असे. काकूंनी सहा भाग पाहिले आणि सातव्याला फोनवर गट काढला. शुक्रवारी मालिकेतल्या बाईच्या हातात जे पुस्तक दिसेल, ते पुढच्या बुधवारपर्यंत वाचायचं आणि दुपारी चार वाजता पडद्यावर भेटायचं.

नियम दोनच. सुरुवातीला प्रत्येकाने आपली प्रत मालिकेतल्यासारखी छातीशी धरून दाखवायची. आणि पहिली दहा मिनिटं काकूंनी गोष्ट सांगायची, "वाचून विसरले असतील त्यांच्यासाठी". ही दहा मिनिटं हळूहळू पस्तिसावर गेली. पण कुणी कधी घड्याळ दाखवलं नाही.

गटात बरेच चेहरे होते. पण बोलणारे तिघं. एक निवृत्त हेडमास्तर, सगळ्यांचे सर. "अर्थातच" या शब्दाशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. दुसरी दातांची डॉक्टर. ती दवाखान्यातूनच बोलायची, मागे कुणीतरी आ वासून वाट बघत असायचं. आणि तिसऱ्या म्हणजे काकूंच्या थोरल्या जाऊबाई, दोन पदव्यांच्या धनी. "आमची धाकटी आठवीपर्यंतच हो, पण हौस केवढी!" हे त्या नव्या माणसाला पहिल्या मिनिटात सांगत.

काकू हसून सोडून देत, कारण सर त्यांना "बाई" म्हणत. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. आयुष्यभर ज्यांना लोकांनी "जरा कमरेत घ्या" एवढंच म्हटलं, त्यांना दर बुधवारी एक हेडमास्तर विचारी, "बाई, सुरू करू या का?" तेवढ्या एका हाकेसाठी काकू आठवडाभर पॅडलवर पाय आणि मांडीवर पुस्तक अशा बसायच्या.

या आठवड्यात तीच हाक जायची पाळी आली होती. शुक्रवारी मालिकेतल्या बाईच्या हातात 'आठव्या खिडकीचं मौन' नावाचं जाडजूड पुस्तक दिसलं, आणि ते काकूंना काही केल्या मिळेना. पुस्तकवाल्याने संगणकात बोटं आपटली आणि म्हणाला, "असं पुस्तक नाही, काकू."

"नाही कसं? टीव्हीवर दाखवलं की!"

"टीव्हीवर काय, विमानंसुद्धा दाखवतात. मी ठेवतो का?"

ग्रंथालयातल्या बाईंनी मान हलवली. तीन दुकानं झाली. गटावर मात्र निरोपांचा पाऊस. सरांनी लिहिलं, "अर्थातच अभिजात." डॉक्टरने लिहिलं, "शेवटी रडले." जाऊबाईंनी लिहिलं, "पचायला जड आहे, पण आपल्याला सवय आहे." काकूंनी फोन उलटा ठेवला. सगळ्यांना मिळालं. आपल्यालाच शोधता आलं नाही. आठवी ती आठवीच.

चार वाजले. काकूंनी कातरणं बाजूला सारून फोन मशीनला टेकवला. सर आले, डॉक्टर आली, जाऊबाई पुस्तकांच्या कपाटासमोर येऊन बसल्या. प्रती वर धरायची वेळ झाली, तर सर म्हणाले, "माझी प्रत अर्थातच शेजाऱ्यांनी वाचायला नेली." डॉक्टर म्हणाली, "मी फोनवर वाचलं." जाऊबाई म्हणाल्या, "एवढं जड पुस्तक मी कशाला उचलत बसू?"

काकूंनी रिकामे हात पडद्यापुढे धरले. "मला... मला पुस्तक मिळालं नाही. आज गोष्ट नाही सांगता यायची."

पडद्यावरचे सगळे चेहरे एकदम पडले. काकूंना वाटलं, ही आपलीच फजिती.

"काही हरकत नाही," जाऊबाई लगबगीने म्हणाल्या. "सगळ्यांनी वाचलंच आहे. थेट चर्चा करू."

आणि चर्चा सुरू झाली. सर म्हणाले, मौन हे अर्थातच समाजाचं मौन आहे. डॉक्टर म्हणाली, लेखकाने नायिकेला न्याय दिला नाही. जाऊबाई म्हणाल्या, लेखिकेला तो द्यायचाच नव्हता, तीच तर गंमत आहे. खिडकी म्हणजे मन, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आठवीच का, यावर सरांनी सात मिनिटं घेतली. काकू वहीत सगळं उतरवून घेत होत्या. केवढी ही माणसं शिकलेली!

"थांबा, मुखपृष्ठच दाखवते," जाऊबाई म्हणाल्या. "त्यातच सगळं आलंय." त्यांनी मालिकेतलं ते चित्र पडदाभर मोठं करून लावलं.

काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. पुस्तकाला कव्हर बसत नव्हतं. न बसणारं ओळखण्यातच काकूंचा जन्म गेला होता. उंचीला बोटभर जास्त, पाठीत ढगळ, कोपऱ्यावर चिकटपट्टीची मुडप. दुसऱ्याच्या मापाचा कोट. कव्हर सरकलं होतं तिथून आतल्या पुस्तकाची खरी पाठ दिसत होती, आणि तिच्यावर छापलेलं होतं, 'रेल्वे वेळापत्रक'.

काकूंना आधी हायसं वाटलं. आपण मूर्ख नाही, पुस्तकच नाही! आणि लगेच वहीतली चार पानं डोळ्यांपुढे आली. मग हे कशाचं? मागे एकदा कामाच्या रगाड्यात त्यांनी गोष्ट सांगताना धाकट्या बहिणीचा मृत्यू थोरलीच्या नावावर घातला होता. गिऱ्हाईक कपडा घेऊन गेल्यावर कळावी तशी ती चूक फोन ठेवल्यावर लक्षात आली. पण त्या दिवशी सगळे थोरलीसाठीच रडले होते. डॉक्टर तर सर्वात जास्त. तेव्हा काकूंना वाटलं होतं, मोठ्या मनाची माणसं, आपल्याला सांभाळून घेतात.

"मी काय म्हणते," जाऊबाईंचा आवाज आला. "आमच्या धाकटीवर शिवणाचा भार फार आहे. पुस्तक मिळवणंही होत नाही बिचारीला. पुढच्या बुधवारपासून गट मीच चालवते. चालेल ना, सर?"

"म्हणजे... अर्थातच..." सर काकूंच्या चौकोनाकडे बघत अडखळले.

तोंडात टाचण्या असत्या तर काकू "हूं" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. आज तोंड रिकामं होतं. एका शब्दात सगळ्यांचं पितळ उघडं पडलं असतं. पण सरांचा चेहरा वर्गात पाटी विसरलेल्या पोरासारखा झाला होता, आणि काकूंना तो बघवेना.

"घ्या की, जाऊबाई," त्या म्हणाल्या. "माझी ना नाही. फक्त नियम तेवढा पाळा. गोष्ट सांगा. मला खरंच ऐकायचीय. पहिल्या पानापासून."

"आत्ता?"

"अजून वीस मिनिटं आहेत."

डॉक्टरच्या मागे कुणीतरी आ वासूनच होतं, ती तिकडे वळली नाही. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. बाकीच्यांतल्या दोघांनी कॅमेरे बंद केले. मागच्या खोलीत यजमानांनी मोठ्ठा फुरका मारला. त्यांना कुणी दटावलं नाही.

"एक... एक खिडकी असते," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी मागच्या कपाटाकडे पाहिलं. ओळीने मांडलेल्या त्या पुस्तकांवरची दुकानाची वेष्टनंसुद्धा निघाली नव्हती. "आठवी. तिच्यात एक बाई..."

"पुढे?" काकूंनी विचारलं. खोचकपणे नाही. मुलाला शब्द आठवून देतात तसं.

जाऊबाईंनी पदव्या, कपाट, सगळं बाजूला ठेवल्यासारखा एक सुस्कारा सोडला.

"पुढे मला माहीत नाही गं. मी हे वाचलेलं नाही. मागचं नाही, त्याच्या मागचंही नाही. यांच्यापैकीही कुणी वाचत नाही, विचार हवं तर. आम्ही तुझ्या तोंडून गोष्ट ऐकायला येतो."