सात हजारांच्या पुढे

डोळे मिटा पाहू क्षणभर. समजा, तुम्ही कुणाला तरी झोके देताय. झोपाळा मागे, तुमच्याकडे येतोय, आणि तो पुरता पोचायच्या आतच तुम्ही दणकन धक्का दिलात. काय होईल? झोका बसणार नाहीच, वर तुमचं मनगट मुरगळेल. इंजिनाच्या पोटातही पिस्टन असाच वरखाली पळतो. त्याला धक्का देणारी ठिणगी फार लवकर पडली, तर इंजिनाचं मनगट मुरगळतं. म्हणून ठिणगीची वेळ नीट लावून द्यावी लागते.

आता उघडा डोळे. आपल्या गोष्टीतली मुलगी रागाने लाल झाली आहे आणि ती काही आपल्यासाठी थांबायची नाही.

तिला घरात सगळे लवंगी म्हणत. मिरचीतली लवंगी. शेडमध्ये शर्यतीची बोट ट्रॉलीवर चढवलेली होती आणि मोठे काका, म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ, ओल्या बुटांनिशी आत येऊन बाबांवर गरजत होते.

"भर शर्यतीत इंजिन अडखळतं! प्रत्येक लाटेवर! उचकी लागल्यासारखं! पोरीच्या हातात दिवा दिलास, मग दुसरं काय होणार?"

दिवा म्हणजे टायमिंगचा दिवा. इंजिनाची वेळ लावताना तो लवंगीनेच धरला होता. तिने बाबांकडे पाहिलं. वेळ लावणारे बाबाच. ते बोलतील असं तिला वाटलं. बाबा फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"बाबा, सांग ना त्यांना!"

"जाऊ दे गं."

हे 'जाऊ दे' तिला काकांच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबलं. तिने इंजिन गार राहावं म्हणून पाण्याचा पाइप त्याला जोडला, खुंटीवरची लाल दोरी काढून बोटीत अडकवली आणि इंजिन सुरू केलं. ही दोरी अडकवल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला असतं. तो पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद.

लवंगीने गरगरणाऱ्या चाकावर दिवा धरला. हा दिवा ठिणगी पडली की लखकन चमकतो, आणि चाकावरची पांढरी रेघ एका जागी थिजल्यासारखी दिसते.

"बघा काका! दहा अंशांवर आहे. परवा लावली तिथेच. हलली का?"

काकांनी वाकून पाहिलं. रेघ जागची हललेली नव्हती.

"मग उचकी कुठून येते?"

"तुमच्या हातातून!" तिने इंजिन बंद केलं आणि दोरी खुंटीवर टांगली. "बोट लाटेवरून उडते तेव्हा पंखा हवेत असतो. ढकलायला पाणीच नाही, मग इंजिन भन्नाट फिरतं. मिनिटाला सात हजार फेरे झाले की इंजिनावरचा काळा डबा ठिणगी तोडतो. उडताना थ्रॉटल सैल सोडायचा असतो. तुम्ही मूठ आवळून बसता."

"शेंबूड पुसता येत नाही नि मला बोट शिकवते!" काकांच्या कपाळाची शीर तटतटली. ते बाबांकडे वळले. "ते लिमिट नऊ हजारावर ने. आत्ताच्या आत्ता."

"दादा, हे इंजिन नऊ हजाराचं नाही. पिस्टनचा एखादा दांडा तुटला तर इंजिन फोडून बाहेर येईल. तुझ्या पाठीमागेच असतं ते."

"मोठा कोण? तू की मी?"

बाबांनी लॅपटॉप उघडला. इंजिनाच्या काळ्या डब्याला वायर जोडली.

लवंगी लॅपटॉपसमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्यापेक्षा हा डबा शूर आहे, बाबा! सात हजार झाले की 'नाही' म्हणतो. समोर कोण आहे ते बघत बसत नाही!"

बाबांचं बोट बटणावर थबकलं. कान लाल झाले. मग त्यांनी मान खाली घातली आणि बटण दाबलं.

"झालं," ते म्हणाले.

"आता कसं!" काकांनी हेल्मेट उचललं. "चला, उतरवा पाण्यात. बघू कोण उचकी देतं ते."

ते खुंटीपाशी गेले. खुंटी रिकामी होती.

लवंगी बोटीवर चढली होती. लाल दोरी तिने आपल्याच मनगटाला गुंडाळली, इंजिनाच्या झाकणावर मांडी ठोकली आणि बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "आधी परत सात हजार."

आणि तिने मूठ घट्ट आवळली.