भरवणं बंद

"ज्या घरान्यानं या गावाचा तलाव बांधला, ते घरानं एकदा बोललं की बोललं. आजपासून या घरात कोनी कोनाले भरवनार नाही!" दुधरामनं ओसरीवरून जाहीर केलं. आवाज जवळच्या बिरसी विमानतळाच्या धावपट्टीपर्यंत गेला असावा. त्या वेळी त्याच्या बोटांत वरणभाताचा घास होता, आणि तो घास सात वर्षांच्या नातीच्या, चेतनाच्या, तोंडापासून चार बोटांवर होता.

"मंग हे काय होय?" जमुनाबाईनं नवऱ्याला विचारलं.

"हा शेवटचा."

असे शेवटचे अकरा घास झाले.

चेतनाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. उजवा हात मुठीत आवळलेला, डावा मात्र चलाख. डाव्यानं ती केव्हाच जेवू लागली असती; पण डाव्या हाताचं जेवण दुधरामच्या घराण्यात बसत नव्हतं, म्हणून तोच भरवत आला. शाळेच्या खिचडीलाही आजोबा हजर. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदियाच्या थेरपिस्ट रेणूताईंनी सांगितलं, तीन आठवडे, रोज चार तास, डावा हात जाड मोज्यात बंद. जे करायचं ते उजव्यानं. जमलं तर शाळेत एकटी जेवेल. "और आबाजी, आप सिर्फ बैठना."

नेमकं तेच दुधरामला जमेना. पहिल्या दिवशी चमचा कानाकडे गेला. वर पायलट शाळेचं शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं, खाली चमचाही तेच करत होता. फरक एवढाच की विमान शेवटी उतरलं. दुधरामचा हात आपोआप पुढे झाला. जमुनाबाईनं त्याचे दोन्ही हात दुपट्ट्यानं मागे बांधले.

"पोरीचा एक बांधला, तुमचे दोन. तुमची बिमारी मोठी हाये."

दुसऱ्या आठवड्यात मूठ सैल पडली. चमचा ओठापर्यंत आला, थरथरला, थांबला.

"आबाजी, तू काऊन तोंड उघडून राहिला?" चेतनानं विचारलं.

दुधरामनं तोंड मिटलं.

शेवटच्या दिवशी अर्धी वाटी भात पोटात गेला, अर्धी कोंबड्यांना. रेणूताई खूश. दुधरामला मात्र घोर लागला. शाळेत कोंबड्या नसतात, हसणारी पोरं असतात.

शाळा उघडली तशी, पान आणतो म्हणून तो दुपारी निघाला तो थेट वर्गाच्या खिडकीशी. आत चेतना रांगेत बसलेली, डावा हात मांडीवर, उजव्यात वाकडा धरलेला चमचा. पहिला घास सांडला. शेजारची पोरगी हसली. चेतनानं तिला जीभ काढून दाखवली आणि पुन्हा चमचा भरला. दुसरा घास आत गेला. तिसरा गेला. दुधरामनं खिडकीचे गज घट्ट धरले, नाहीतर हातांचा भरवसा नव्हता. डोळे भरून आले. आता निदान सरपंचाला तरी बोलवावं, चार शब्द बोलावेत, असं त्याला फार वाटलं.

चेतनानं मान वर केली.

"आबाजी, बाजूले सरक ना. ताटात उजेड नाही येऊन राहिला."