अब्बांची भिंत

तुमची भिंत चांगली आहे असं म्हटल्यावर कुठल्या गवंड्याला राग येईल? अब्बांना आला. एक तर सांगणारी त्यांचीच लेक होती, आणि भिंत चांगली आहे म्हणूनच ती पाडायला हवी, असं तिचं म्हणणं होतं.

सफूरा स्ट्रक्चरल इंजिनिअर. जेद्द्याच्या दक्षिणेला समुद्राच्या काठाने ज्या काँक्रीटच्या इमारती उभ्या आहेत, त्यांतली कुठली त्सुनामीत टिकेल आणि कुठली बसेल हे तपासायचं काम तिच्या ऑफिसकडे आलं होतं. फिरता फिरता तिच्या वाट्याला कामगारांचा हा कॅम्पही आला. इथल्या तीन मजली इमारतीत रत्नागिरी-रायगडकडचे सुतार, फिटर, इलेक्ट्रिशियन राहत, आणि त्यांचे मुकादम म्हणजे तिचे अब्बा, मोहियुद्दीन. ती आणि आई जेद्दा शहरातल्या शराफिया भागात राहायच्या. अब्बा सुटीपुरते घरी यायचे.

इमारतीचा तळमजला मुळात मोकळा होता, नुसते खांब. समुद्रावरचा वारा ताटात वाळू आणून टाकायचा, म्हणून अब्बांनी ती बाजू बांधून काढली. बांधली तीही कशी, तर दर दोन थरांआड सळई, आणि प्रत्येक सळई खांबात भोक पाडून घट्ट बसवलेली. मग आत चूल आली, नमाजाच्या चटया आल्या, कॅरमबोर्ड आला. कॅम्पात नवा माणूस आला की आधी त्याला ती भिंत दाखवायचे.

"कच्ची असती तर बरं झालं असतं, अब्बा," सफूरा म्हणाली. "लाटेला कच्ची भिंत फुटते आणि पाणी खांबांमधून निघून जातं. ही फुटणार नाही. सगळा रेटा अंगावर घेईल आणि खांबांना घेऊन जाईल."

"म्हणजे मी खराब काम करायला पायजे होतं."

"तसं नाही हो."

"तसंच गो. उभा जन्म गेला माजा भिंती बांधण्यात. कोणी बोट दाखवलं नाय. आता लेक दाखवते."

शेजारी एका हॉटेलचा अर्धवट सोडलेला सांगाडा होता. जाडजूड खांब, स्लॅब, कठडा नसलेला जिना, बाकी सगळं आरपार. त्याला तिने चांगला शेरा दिला होता. इलेक्ट्रिशियन वैभव हसत म्हणाला, "ताई, जिथे कुत्रंसुद्धा बसत नाही ते पास, आणि आम्ही नापास?" सगळे हसले. अब्बा हसले नाहीत. वहाणा पायात सरकवून ते बाहेर निघून गेले.

शुक्रवार होता. बरीच माणसं जुम्म्याच्या नमाजानंतर शराफियाला गेली होती, उरलेली पत्ते घेऊन बसली होती. सफूरा गच्चीवर जाऊन मोजमाप करत राहिली, पण मन लागेना. जरा गोड शब्दांत सांगता आलं असतं, असं तिला वाटत होतं. बापाच्या हाताखालच्या माणसांसमोर बोलायची काय गरज होती?

तेवढ्यात खालून कोणीतरी हाळी दिली, "ओहोटी लागली रे."

तिने वाकून पाहिलं. पाणी लांबवर गेलं होतं. एरवी कधी न दिसणारे काळे खडक उघडे पडले होते, त्यांच्यामधल्या डबक्यांत मासे उडत होते. सगळी माणसं पत्ते टाकून बालद्या घेऊन हसत-खिदळत खाली निघाली होती आणि सगळ्यांच्या पुढे अब्बा होते, हातात कोयती. त्यांनी वर पाहिलं.

"सफू, तुला कालवं काढतो. खाऊन जा."

राग निवळला होता. सफूराला भरून आलं. ती हात हलवणार, तोच तो हात तसाच राहिला.

ती जेद्द्यात वाढलेली. या समुद्राला ओहोटी म्हणावी अशी ओहोटी नसते. लहानपणी ती ज्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायची, ती पायरी सकाळ-संध्याकाळ तेवढीच भिजलेली असे. इथला कोळी असता तर एव्हाना पळत सुटला असता. पण ही कोकणची माणसं. रोज समुद्र लांब जातो आणि परत येतो, हे त्यांनी पाळण्यातून पाहिलेलं. त्यात घाबरायचं काय, उलट बालदी घ्यायची.

ती जिन्यावरून धावत सुटली. खालच्या मजल्यावर पांडू फिटर दाढी करत होता.

"पांडूभाऊ, आज काही हादरल्यासारखं झालं होतं?"

"मघाशी बल्ब झुलले जरा. पायासाठी खांब ठोकायचं पायलिंगचं मशीन असणार."

"शुक्रवारी मशीन कोण चालवणार?"

पांडूचा वस्तरा गालावर थांबला. मग तोही साबणासकट तिच्यामागे धावला.

ती खडकांवर पोचली तेव्हा अब्बांची बालदी अर्धी भरली होती. "अब्बा, चला. सगळ्यांना घेऊन चला. लाट येणार आहे."

"ओहोटी आहे गो."

"इतकी वर्षं इथे आहात. या समुद्राला अशी ओहोटी पाहिलीत कधी?"

अब्बा सरळ उभे राहिले. त्यांनी पाण्याकडे नीट पाहिलं. लांब, आभाळ टेकतं तिथे एक पांढरी रेघ होती, आणि ती जाड होत होती. त्यांच्या हातातली बालदी सुटली.

माणसं पळाली. मागे मैलोगणती सपाट खारवट जमीन, तिकडे पळून उपयोग नव्हता. म्हणून ती जिथे पळणार तिथेच पळाली, आपल्या इमारतीकडे, त्या भिंतीच्या आड.

"तिकडे नको," सफूरा घसा फोडून ओरडत होती. "सांगाड्यावर चढा."

"ताई, चाचांची भिंत आहे, तिला काय होतंय," वैभव म्हणाला आणि आत शिरायला लागला. बाकीचे त्याच्यामागे. आता आवाज ऐकू यायला लागला होता, दगडांचा ट्रक रिकामा करावा तसा, पण न थांबणारा. रेटा म्हणजे काय आणि खांब का मोडतील, हे समजावायला वेळ कुठे होता? आणि तिचं ऐकणार कोण? ऐकलं असतं तर फक्त एकाचं. तिने अब्बांकडे पाहिलं.

अब्बा भिंतीकडे बघत होते. मग ते दारात आडवे उभे राहिले.

"त्या भिंतीत सिमेंट नाय," ते म्हणाले. "मी खाल्लं. सगळी रेती भरलीय. आत गेलात तर मराल. सांगाड्यावर पळा. यल्ला, चला."

वैभवने त्यांच्याकडे असं पाहिलं, की सफूराने मान खाली घातली. मग सगळे वळले आणि सांगाड्याच्या जिन्याकडे धावले.

वरच्या स्लॅबवर पोचून धापा टाकत वैभव म्हणाला, "शरम वाटायला हवी होती, चाचा. आम्ही त्या भिंतीच्या आड झोपत होतो." सफूराने तोंड उघडलं. अब्बांनी तिचं मनगट दाबलं.

मग पाणी आलं. ते गडगडत त्यांच्या पायांखालून, खांबांमधून पार निघून गेलं. होड्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या, सगळं त्यात होतं. स्लॅब थरथरला, पण उभा राहिला. समोर पाणी त्या भिंतीला भिडलं, अडलं, वर चढलं. भिंतीने ते धरून ठेवलं. मग तळमजल्याचे खांब गुडघ्यात मोडल्यासारखे वाकले आणि अख्खी इमारत खाली बसली. पांडू रडायला लागला.

पाणी आणखी येऊन गेलं, दर वेळी थोडं कमी. ते ओसरलं तसा पडलेला ढिगारा उघडा झाला. वरचे मजले भुगा होऊन एकीकडे कलंडले होते. आणि त्यांच्यापासून सुटून, चिखलात आडवी, भिंत पडली होती. अख्खी. एक सांधा उकलला नव्हता. कडेच्या सळयांनी खांबांचे तुकडे अजून घट्ट धरून ठेवले होते.

सगळ्यांनी ती पाहिली. वैभव किती तरी वेळ बघत राहिला, मग अब्बांच्या शेजारी येऊन खाली बसला.

अब्बा पुटपुटले, फक्त सफूराला ऐकू जाईल असं.

"चांगली होती ना गो?"

"चांगली होती, अब्बा," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.