विजयमालाबाईंचे पांढरे पाहुणे

मित्रांनो, नाक मुरडू नका, पण मी एक जुना सोलापुरी टॉवेल आहे. अंगावर निळे चौकडे होते. आता ज्यांना माहीत आहेत त्यांनाच ते दिसतात. मागावरून उतरलो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या पैलवानाची पाठ पुसू. पण कुणाच्या तरी लग्नाच्या आहेरात मी नेरूळला विजयमालाबाईंच्या घरी आलो आणि त्यांच्या मालकांची, बाबासोंची पाठ चार वर्षं पुसली. ते तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. पाठ पैलवानाची नव्हती, घाम मात्र होता.

पुढे मी विरलो आणि माझी बदली बाल्कनीतल्या दोरीवर झाली. काम एकच. घरातल्या बायकांचे आतले कपडे खाली वाळत घालायचे आणि वरून मला पसरायचं. "आई, याच्याखालचं काहीसुद्धा दिसत नाही," असं सूनबाई राजलक्ष्मी म्हणायची, की मी फुगायचो. त्या कपड्यांना ऊनही दिसत नाही आणि ते दमटच राहतात, हे ना तिच्या ध्यानात आलं ना माझ्या.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर विजयमालाबाई दिवसातून तीनतीनदा कपडे बदलू लागल्या. कपड्यांवर दह्यासारखे पांढरे डाग, अंगाला खाज, लघवीला आग. थोडंफार पांढरं कुणाही बाईच्या अंगावरून जातं, एवढं मी दोरीवर राहून शिकलो होतो. पण हे निराळं होतं.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, वय अठ्ठेचाळीस. सगळ्या बिल्डिंगला औषधं सांगायच्या. मग स्वतःला कशा सोडतील? त्यांनी निदान केलं, उष्णता. उपाय केला, सकाळ-संध्याकाळ गुलकंद आणि दुपारी साखर घालून सब्जाचं सरबत. बाबासोंनाही त्याच दिवशी उष्णता असल्याचं आढळलं. तेही चमचा घेऊन बसू लागले. खाज काही थांबेना, म्हणून बाईंनी फरशी पुसायच्या जंतुनाशकाचे थेंब पाण्यात टाकून आतून धुतलं. त्या दिवशी त्या बाथरूममध्ये बराच वेळ भिंतीला धरून उभ्या होत्या.

शेवटी त्यांनी बाल्कनीत येऊन गावाकडच्या बहिणीला फोन लावला. बाबासो आत पेपर वाचत होते, म्हणून सांकेतिक भाषा.

"आगं, पांढरे पाहुणे आल्यात. दोन महिनं झालं, हलंनात."

पलीकडून काय सल्ला आला, कळलं नाही. पण बाबासो उठले, पिशवी घेतली आणि तासाभरानं दीड किलो चिकन घेऊन आले.

"आई, कोण येणार आहे?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"पाहुणे. पांढरे म्हणं. फॉरेनचे असतील," बाबासो म्हणाले. "उलव्याच्या नव्या विमानतळावर उतरणार का गं?"

बाईंनी माझ्यात तोंड खुपसलं. राजलक्ष्मी हसतहसत जवळ आली, तेव्हा तिला दिसलं की सासू हसत नाहीये. तिनं बाल्कनीचं दार ओढून घेतलं, सासूला सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट लावली. चिकन तिघांनी खाल्लं.

दवाखान्यातल्या चादरीवर भरवसा नसल्यामुळे बाईंनी मला पिशवीत घातलं. डॉक्टर निशिगंधा म्हात्रे तरुण होत्या.

"काय होतंय, काकी?"

"डोकं दुखतंय," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी राजलक्ष्मीकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि खुर्ची बाईंजवळ ओढली. मग बाईंचं काही चालेना. दही, खाज, आग, गुलकंद, जंतुनाशक, सगळं बाहेर आलं.

"आतून कशानंही धुवायचं नाही. ती जागा स्वतःची स्वच्छता स्वतः करते. बाहेरून साधं पाणी पुरे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि थोडं पांढरं, बिनवासाचं जातं ते नॉर्मल असतं. पण दह्यासारखं होऊन खाज आली, रंग हिरवा-पिवळा झाला, घाण वास आला, ओटीपोटात दुखलं, ताप आला, मधेच रक्त दिसलं, तर घरी प्रयोग नाही. सरळ यायचं. अंगावरून जातंय ते अंगावर काढायचं नाही."

मग बाईंनी हळूच विचारलं, "मला कॅन्सर तर न्हाई ना? मी मालकास्नी चहा करायला शिकवाय लागले होते. माझ्यामागं कोन देणार?"

राजलक्ष्मीनं त्यांचा हात धरला. डॉक्टरांनी मला टेबलावर अंथरू दिलं, नीट तपासलं, नमुना घेतला. "तसं काही दिसत नाही. रिपोर्ट आला की पक्कं सांगते. हा बुरशीचा संसर्ग वाटतोय. बोट द्या बघू."

बोटातल्या थेंबानं मशीनवर दोनशे नव्वद साखर दाखवली. रक्तात साखर वाढली की ही बुरशी माजते. आणि बाई दोन महिने तिला गुलकंदाचा खुराक देत होत्या.

रिपोर्ट चांगला आला. औषधाचा कोर्स पुरा झाला, खाज गेली, साखर उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. कपडे आता उघड्या उन्हात वाळतात आणि मी कुरडया वाळवायला गच्चीवर जातो.

परवा गच्चीवर बाई कुरडया घालताघालता चारचौघींना हेच सांगत होत्या, सांकेतिक भाषेशिवाय. खालच्या मजल्यावरच्या विमलबाई, वय बासष्ट, ऐकता ऐकता हळूच म्हणाल्या, "माझी पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली. सोमवारी रक्ताचा डाग दिसला. उष्णताच असंल ना?"

विजयमालाबाईंनी पिठाचे हात मलाच पुसले आणि चपला घातल्या.

"चला दवाखान्यात. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर घरी थांबायचं न्हाई."

"आत्ता? कुरडया?"

"कावळं खाऊ द्यात."

मित्रांनो, मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा ऐका. मी विरून गेलो तर खुशाल माझं पायपुसणं करा. पण घरातली कुणी बाई हळू आवाजात काही सांगू लागली, तर तिच्यावर पांघरूण घालू नका. ते काम मी पुष्कळ वर्षं केलं. ते चांगलं काम नव्हतं.