चढाची जोडी

मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात बसायला स्टूल होतं, पण ती त्यावर दोन मिनिटंही टिकली नाही. दारापर्यंत गेली, परत आली, भिंतीवरचे पाने मोजले, पुन्हा दारापर्यंत.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" काका म्हणाले. "फिरायचं काम गाडीचं, आणि ती बिचारी गुमान उभी आहे."

बाबांची जुनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. बाबा जाऊन एकवीस दिवस झाले होते. गाडी आपल्या शहरी न्यायची म्हणून ती बाबांच्या घरून निघाली, आणि उतारावरच मागच्या अॅक्सलमधून घरघर सुरू झाली. आतल्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे दातेरी चाकांच्या जोडीचे, दाते तुटले होते. काकांनी अडगळीतून दोन जोड्या शोधून बाकावर मांडल्या होत्या.

"ही एक्केचाळीस-नऊ, होती तशीच. मोठ्या चाकाला एक्केचाळीस दाते, लहानाला नऊ. चढाला बैलासारखी ओढेल, पण हमरस्त्यावर इंजिन ऊर बडवेल. ही त्रेचाळीस-अकरा. रस्त्याला पळेल, तुमच्या घराच्या चढाला मात्र दम खाईल. जेवणाच्या सुट्टीआधी सांग."

सकाळपासून दादाचा दोनदा फोन येऊन गेला होता. "घर विकायचंच आहे. मग चढ कुणासाठी चढणार? पळणारी बसव." दादाचं चूक नव्हतं. घराचं ठरल्याशिवाय जोडी ठरत नव्हती.

"काका, गाडी नवी होती तेव्हा कुठली होती?"

"त्रेचाळीस-अकरा. शेवटच्या चढाला धापा टाकायची, तुझ्या आईला उतरून चालावं लागायचं. तिचे गुडघे गेले तेव्हा मी न् तुझ्या बाबांनी ही चढाची बसवली. एक घोळ राहिला. मीटरचं दातेरी चाक बदलायचं राहून गेलं. तेव्हापासून मीटर फेकतोय. सहा किलोमीटर गेलात की सात दाखवतो."

"बाबांना ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं की. म्हणाले, राहू दे, तेवढंच वेगात गेल्यासारखं वाटतं."

ती हसली आणि तिथेच थबकली. तिच्या नव्या घरी बाबा एकदाच गाडीने आले होते. पायरीवर उभं राहून म्हणाले होते, "बरोब्बर साडेतीनशे भरलं." पुढे प्रत्येक फोनवर न येण्याचं कारण म्हणून तिने तोच आकडा पुढे केला होता. साडेतीनशे किलोमीटर म्हणजे काय कोपऱ्यावर आहे का, बाबा? आणि दर वेळी ते म्हणत, "खरंय बाई, लांब पडतं." त्यातले पन्नास नव्हतेच, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

ती पुन्हा दारापर्यंत गेली. परत आली.

"त्रेचाळीस-अकरा बसवा."

"मीटरही खरा बोलायला लागेल," काकांनी पाना उचलला. मग थांबले. "म्हणजे घर विकताय."

"पहिल्या गिअरमध्ये चढेल ना?"

"चढेल. रडतखडत."

"तेवढं पुरे."

काका गाडीखाली सरकले. फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी तिने तो पहिल्या घंटेलाच उचलला आणि चालू लागली.

"दादा, जोडी तू म्हणतोस तीच बसवतेय," ती म्हणाली. "पण घर राहू दे. तीनशेच तर आहे."