गर्दीतली दोन टोकं

माझा रेणू वेडा निघाला, असं भावना मॅडमचं मत पडलं. मॅडम माझ्या रसायनशास्त्रातल्या पीएचडीच्या गाइड. एरवी चूक नेहमी मेघाची, म्हणजे माझी असते. या वेळी ती रेणूची निघाली, ही प्रगतीच म्हणायची.

तसा रेणू साधा. दोन टोकं, मधे लवचीक साखळी. उजेड टाकला की एक टोक चमकतं. तिथला इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाकडे गेला की चमक विझते. चमक लवकर विझली, म्हणजे इलेक्ट्रॉन लवकर पोचला. भोवती पॉलिमरच्या मोठमोठ्या रेणूंची गर्दी केली तर काय होतं, हे मला बघायचं होतं. अशा गर्दीत द्रावण पाकासारखं घट्ट होतं, म्हणून सगळं मंदावेल, असं मॅडमना वाटत होतं आणि मलाही. पण हा पठ्ठ्या गर्दीत आणखीच चटकन विझायचा! नळ्या घासून घासून माझ्या बोटांची सालं निघाली, पॉलिमरचा नवा डबा फोडला, तरी उत्तर तेच.

"सोमवारी सेमिनार आहे," मॅडम म्हणाल्या. "कारण सांगता आलं तर हा आलेख ठेव. नाहीतर काढून टाक."

काढून टाक म्हणे! तो गेला की प्रबंधाचा कणाच गेला, पदवी लांबली ती वेगळीच. मी सुट्टीच्या दिवशी घरी तोंड फुगवून बसले.

"काहून वं, अशी बसली?" आईने दारातूनच विचारलं. "चाल लवकर. दीक्षाभूमीले जायचं हाय."

"आई, मले काम आहे."

"बाबासाहेबायले काय सांगू मंग? पोरीचा रेणू रुसला म्हणून आली नाई?"

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरात कोणी मागे राहत नाही. निघाले मुकाट्याने. आईची एक जुनी सवय आहे. दीक्षाभूमीकडे पायी निघालो की ती माझ्या ओढणीच्या टोकाला आपल्या पदराची गाठ मारते, म्हणजे पोरगी हरवत नाही. लहानपणी ठीक होतं. आता मी चांगली घोडी झालेय, पण प्रेमिलाबाईंपुढे, म्हणजे आमच्या आईपुढे, कोणाचं काही चालत नाही.

रहाटे कॉलनीच्या चौकात रस्ता मोकळा होता. आई पुढे, मी मागे रेंगाळत, आणि मधे ओढणी ताणलेली. पाण्याची बाटली आईकडे; तहान लागली तर मला पळत जाऊन तिला गाठावं लागलं. पुढे पुस्तकांच्या स्टॉलपाशी मात्र गर्दीने आम्हाला चारी बाजूंनी दाबलं. पाऊल पुढे पडेना. ओढणी सैल पडून खाली लोंबली, आई माझ्या खांद्याला येऊन चिकटली आणि तिने मागे न बघताच बाटली माझ्या हातात दिली.

बाटली हातातच राहिली. माझ्या रेणूलाही गर्दी अशीच दाबत असणार! साखळी लवचीक आहे, ती दुमडणार, टोकं जवळ येणार. मग इलेक्ट्रॉनला लांब जायचंच कुठे आहे?

"आई, थांब वं! मले कळलं!"

"थांबू कशी? मागचे लोक ढकलून राहिले ना!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "कल्पना छान आहे. पुरावा?"

पुरावा एकाच मार्गाने मिळणार होता. माझी लॅबमधली मैत्रीण अस्मिता हिने तशाच टोकांचा दुसरा रेणू बनवला होता, पण त्यात साखळीऐवजी ताठ दांडी होती. दांडी काही दुमडत नाही. माझं खरं असेल, तर हा रेणू गर्दीत लवकर विझायला नको. विझला, तर माझा आलेख केराच्या टोपलीत.

मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या. मी नळी यंत्रात बसवली. आधी गर्दीशिवाय मोजलं, मग गर्दीत. पडद्यावर दुसरी रेषा हळूहळू उमटली आणि पहिलीवर तंतोतंत जाऊन बसली. चमक जराही लवकर विझली नव्हती.

"पुन्हा घे," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः मोजलं. रेषा काही हलली नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"आलेख ठेव. आणि सेमिनारची सुरुवात त्यानेच कर."

मला रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही. तशीच बाहेर व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला.

"आई, जमलं वं! माझा आलेख राहिला!"

"म्हंजे डॉक्टर झाली का तू?"

"नाही गं, सोमवारी सगळ्यांसमोर बोलायचं आहे अजून."

"मंग मी बी येतो. पहिल्या लायनीत बसतो."

"तुले काय समजन तिथं?"

"नाई समजलं तं नाई समजलं. मले पोरगी पाहाले याचं हाय, रेणू नाई."